कट्ट्याचा पहिला नियम

नंदाबाईनं मोसंबीची करपलेली फांदी कीबोर्डवर आपटली. "तुझ्या कट्ट्यावर लिहिलं व्हतं तेवढंच औषध फवारलं, गयासभाई! सगळी बाग जळून राह्यली." बदनापुरात नेटकॅफे टाकल्यावर गयासोद्दीननं बागायतदारांसाठी इंटरनेटवर कट्टा उघडला होता. कोणीही यावं, काहीही लिहावं, आपण कोणाचं लिहिलेलं पुसायचं नाही, हीच त्याची मोठी अक्कल! कोणीतरी तिथं लिहिलेलं औषधाचं प्रमाण पाहून त्याला शंका आली होती. तरी ते त्यानं पुसलं नाही. उलट छापून तिच्या हातात दिलं. "मी न्हाई लिहिलं, बाई. कोण्या हरामखोरानं मजाक केली." "पण कट्टा तुझाच ना?" गयासोद्दीननं मान खाली घालून कट्ट्याचा पहिला नियम टाइप केला: स्वतःच्या झाडावर वापरल्याशिवाय औषध सांगू नये. तिला वाचून दाखवला. "बराबर हाय," फांदी उचलत ती म्हणाली, "फवारायच्या आधी लिहायचा व्हता."