मधली रेघ

“अगं, या छपराला हुडहुडी भरलीय की काय?” इंजिनीअर तिच्या खुर्चीमागे उभा राहून हसला. ऑफिसात त्याला सगळे खांब म्हणत, कारण कुठलाही आकार दाखवा, तो त्यात एक खांब सुचवायचाच.

तिने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे नीट पाहिलं आणि तिची झोप उडाली. नव्या वाचनालयाचं छप्पर एका अंगाने वर चढून दुसरीकडे अलगद उतरायला हवं होतं. त्याऐवजी या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यावर बारीक बारीक वळ्या पडल्या होत्या.

चूक कुठे झाली ते तिला लगेच कळलं. सर, म्हणजे ऑफिसचे मुख्य आर्किटेक्ट, मऊ पेन्सिलीने आरपार दिसणाऱ्या बटर पेपरवर रेघा काढत. त्या कॉम्प्युटरवर घेऊन ती मॉडेल करायची. सरांची रेघ गेलं वर्षभर थरथरत होती. ती प्रत्येक रेघेवर मोजून पाच बिंदू ठेवायची, थरथरीच्या मधोमध, आणि त्या पाचांतून नवी रेघ न्यायची. हे तिने कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. काल रात्री मात्र मुलीच्या येऊ घातलेल्या दाढांनी घर जागं ठेवलं होतं. सकाळपासून डोळे मिटत होते. शेवटी तिने ते काम कॉम्प्युटरवरच सोपवलं, आणि त्याने इमानेइतबारे रेघ जशीच्या तशी गिरवली. दोनशे बिंदू.

ती मॉडेल बंद करणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

“बघू.”

सर येऊन उभे राहिले. कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

“माझी चूक, सर. बिंदू जास्त पडले. दहा मिनिटं द्या.”

“वाचनालयाची मंडळी चारला येतायत,” खांब म्हणाला. “तोवर मधे एक खांब घालू या. किंवा सरळ हीटर बसवू.”

“तू जा,” सर म्हणाले. खांब गेला. आपलं काय चुकलं ते काही त्याला कळलं नाही.

सरांनी टेबलावरचा बटर पेपर उचलला आणि उजळलेल्या पडद्यावर धरला. “समोरून दाखव.”

तिने मॉडेल समोरून घेतलं, हळूहळू मोठं केलं. कागदाआडून छप्पर वर आलं आणि रेघेला जाऊन टेकलं. कागदावर जिथे जिथे हात हलला होता, तिथे तिथे छपराला वळी होती. एकही चुकली नव्हती. सरांच्या हातातला कागद पडद्याच्या काचेवर टकटक वाजत होता. तिने त्याचा एक कोपरा बोटाने दाबून धरला.

चहा अर्धाच कप मागताना सर म्हणत, “माझा हात कपाला घाबरतो, पेन्सिलीला नाही.” ऑफिसात सगळ्यांना ते पाठ होतं.

“किती दिवस झाले?” सरांनी विचारलं.

“कशाला, सर?”

“सरळ करतेयस ते.”

खोटं बोलायचं तर अंगात थोडा जोर लागतो. “बाळंतपणाच्या रजेवरून आले तेव्हापासून.”

“म्हणजे शाळेचा तो जिनाही?”

“तोही.”

“मग जिना तुझा.”

“तुमचाच, सर. मी फक्त अंदाज घेतला.”

सर स्टुलावर बसले. हातातली पेन्सिल त्यांनी टेबलावर ठेवली. ती घरंगळत कीबोर्डपाशी जाऊन थांबली. “मॉडेलं इतकी नीट यायची,” ते म्हणाले, “मला वाटायचं, कागदावर हात अजून...” पुढचं त्यांनी सोडून दिलं. “आता मी फक्त सह्या करत जातो. तुम्ही काढा.”

काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. पण डोकं कापसाने भरल्यासारखं झालं होतं. तिने गुंडाळीतून वीतभर बटर पेपर फाडला आणि त्यांच्यापुढे सरकवला.

“छप्पर परत काढा.”

“कशाला? थरथर बघायला?”

“काढा ना, सर. माझी मुलगी अर्धेच शब्द बोलते. घरात सगळ्यांना कळतं.”

“वा. म्हणजे मी आता तुझं दुसरं मूल.”

“पहिलं जास्त छळतं.”

सरांना हसू आलं. न आवरता आलेलं, जरासं ओलं. त्यांनी चष्मा पुसला, परत घातला, पेन्सिल उचलली.

रेघ डावीकडून निघाली. आखडत, उसळत, मधेच दोनदा त्याच जागी घुटमळत. तिने पेन्सिलीमागोमाग बोट ठेवलं आणि थरथरीच्या मधून न्यायला सुरुवात केली. बोटाला पेन्सिलीचं शिसं लागत होतं. रेघ चढली, तसं बोट चढलं. माथ्यावर सर थांबले, श्वास घेतला, आणि पलीकडे उतरू लागले. आता तिला वाट ठाऊक होती. अशी उतरण तिने कितीदा तरी सरळ केली होती. तिचं बोट सवयीने पुढे निघालं.

“थांब,” सर म्हणाले. “इथे चुकलीस.”

तिने बोट जागच्या जागी धरलं.

“अर्धं बोट खाली घे. खाली पोरं जमिनीवर बसून वाचणार आहेत. छप्परही जरा बसू दे.”