पडवीतला ट्रांझिस्टर

या, अशा जवळ सरकून बसा. गोष्ट देवाच्या नावाचीच आहे, पण जरा भांडणाची.

सत्तरच्या आसपासची, आपल्या नागपुरातली. रुपरावांनी नवा ट्रांझिस्टर आणला आणि कीर्तनाची वेळ झाली तसे तो उचलून घरभर फिरू लागले. बैठकीत नुसती खरखर, देवघरात त्याहून जास्त. मागच्या पडवीत स्टुलावर ठेवला, तेव्हा आवाज असा स्वच्छ आला, जणू बुवा अंगणातच उभे आहेत.

पडवीत त्यांची बायको पंचफुला बाजूला बसली होती, महिन्याची अडचण म्हणून. कीर्तनावर तिचा भारी जीव.

"राहू द्या नं इथंच," ती म्हणाली.

"देवाचं नाव घेऊन राहिला तो!" सासूबाई आतल्या दारातून कडाडल्या. "देवघरातच ठेव गा त्याले!"

"तिथं तो बोलतच नाही, माय," रुपराव म्हणाले.

"नाही बोलला तं नाही! इटाळाच्या बाईजवळ कीर्तन नाही वाजत. अन् तू काहून उठून राहिली वं? शिवशील त्याले!"

पंचफुलानं ट्रांझिस्टरवर चांगला पसरून हात ठेवला.

"घ्या, शिवली," ती सासूबाईंना म्हणाली. "मी तं चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन देवघरात येईन, मामीजी. याले कसं न्हाऊ घालता?"

ट्रांझिस्टर कायमचा पडवीतच राहिला. आळीतल्या साऱ्याजणी तिथं कीर्तनाला बसायच्या, बाजूला बसलेल्यासुद्धा. कुठं कीर्तन कानावर आलं, तर हात जोडताना आमच्या पंचफुलाबाईचीही आठवण ठेवा.