अंजिरी लुगडं

"पहाटं कराडची मोटार धरायची, कराडला बदलायची, घाट उतरायचा, की दिवं लागायला रत्नांग्री," चुलीपाशी पाट ओढून घेत जोतीराम म्हणाला. सकाळपासून हे त्यानं कितव्यांदा तरी सांगितलं होतं.

मनुबाई दशम्या थापत होती. ती नुसतं "व्हय" म्हणाली.

सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात जोतीरामनं रत्नागिरीत हयात घालवली होती. छातीत सोनं शुद्ध करायच्या तेजाबाचा धूर बसला तसं दुकान पुतण्याच्या गळ्यात घालून तो विट्याला घरी आला. आता लढाई सरली, पेट्रोलपायी बंद पडलेल्या मोटारी सुरू झाल्या, आणि ह्याच्या मनानं घाट उतरायला सुरुवात केली. शनिवारी जायचं, रविवार तिथं काढायचा, सोमवारी परत. मनुबाईनं घाट पाहिला नव्हता की दर्या. 'तुला बी नेतो' म्हटल्यावर तिनं आढेवेढे घेतले नाहीत.

जोतीराम मनात मांडे खात होता. मांडे कसले, मासेच.

"ह्या दशम्या कराडपातुर सपवायच्या. खाली उतरल्यावर त्यास्नी कोन हात लावतंय? शेवंता बांगड्याचं कालवण आसं करती..."

तो मध्येच थांबला आणि तेजाबानं पिवळी पडलेली बोटं धोतराला पुसू लागला. आजवर त्याच्या तोंडी 'खानावळवाली' एवढंच असायचं. खानावळवालीनं तापात पेज दिली, खानावळवालीनं सणाला गोड घातलं. आज आनंदाच्या भरात नाव निसटलं.

मनुबाईचा हात थांबला नाही.

"शेवंता व्हय नाव?"

"व्हय. शेवंताबाई."

"आजून तिथंच हाय?"

"जाती कुठं? दुकानाच्या पाठीमागंच घर हाय तिचं."

"मला बघून काय म्हनंल?"

"काय म्हनायचंय? जेवाय बसा म्हनंल."

मनुबाईनं दशमी उलटली. दर दिवाळीला जोतीराम तिला लुगडं आणायचा. काठ, पोत, रंग, कशात म्हणून खोट काढायला जागा नसायची. आळीतल्या बायका म्हणायच्या, नवरा असावा तर असा. आता ह्या नवऱ्याला सोन्याचा कस नजरेनं कळायचा हे खरं, पण हिरवं आणि निळं लुगडं शेजारी ठेवलं तर त्यातलं हिरवं कुठलं ते सांगता यायचं नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? मनुबाईनं कधी विचारलं नव्हतं. विचारून उत्तर मिळालं असतं, तर ते घेऊन तिनं राहायचं कुठं? एक अंजिरी लुगडं मात्र तिनं कधी नेसलं नाही. ते फार सुंदर होतं.

पण आता गाठ शेवंताच्या दारात पडणार होती. तिथं आपण कोण म्हणून उभं राहायचं आणि ती कोण म्हणून, हे मनुबाईला विट्यातच ठरवायचं होतं.

तिनं शेवटची दशमी उतरवली, हात धुतले, आणि फडताळातून चोळीचा एक खण आणून नवऱ्यापुढं ठेवला.

"शेवंताबाईला घेतलाय."

जोतीराम खुलला. "लय ब्येस केलंस. दे तू तिला."

"मी न्हाई. तुमच्या हातानं द्यायचा." मनुबाईचा आवाज नेहमीसारखाच होता. "इतकी वर्सं तिनं आमचं मानूस जगवलं. तिला कवा भाऊबीज घातली का?"

"न्हाई."

"मग ती भाऊबीज राह्यलीया. पाटावर बसा, तिला ओवाळू द्या, आनि ताटात खन घाला. मी हाय शेजारी."

जोतीराम खणाकडं बघत राहिला. मनुबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, राख सारली, तरी त्यानं मान वर केली नाही. आता हा म्हणेल, पुढच्या महिन्यात बघू, एवढी काय घाई हाय. तसं म्हणाला की मग सगळं कळलंच.

"खनानं भागायचं न्हाई," शेवटी तो म्हणाला. "लुगडं पायजे."

शेवंताला खण कमी पडावा, हे मनुबाईला लागलं. आणि तो ओवाळून घ्यायला तयार झाला, म्हणून इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला हलकंही वाटलं. दोन्ही एकदमच झालं, त्यामुळं तिला रडायला काही जमलं नाही.

ती उठली. ट्रंकेच्या तळातून तिनं अंजिरी लुगडं काढलं. घडीवर घडी चिकटून बसली होती. झटकून तिनं ते त्याच्या हातात दिलं.

"हे न्या. निवडलं तिनंच हुतं. तिला आवडंल."

जोतीराम लुगड्याच्या काठावरून बोट फिरवू लागला. नाही म्हणाला नाही, कुणी सांगितलं असंही विचारलं नाही.

मनुबाई दशम्या फडक्यात बांधू लागली.

"मोटार कवा हाय म्हनला?"

सकाळपासून घोकून घोकून ज्यानं तिचे कान किटवले होते, तो डोकं खाजवू लागला.

"ध्यानात न्हाई," तो म्हणाला. "इचारून येतो."

पण तो उठला नाही. मांडीवर लुगडं घेऊन तसाच बसून राहिला.