वराचे बूट

जावई हा सासऱ्याच्या पत्रिकेतला दहावा ग्रह, असं शास्त्र सांगतं. आमचा ग्रह बुटांच्या दुकानात एका पायातला बूट काढून ओशाळून बसला होता.

नवरदेवाचे बूट मुलीकडच्यांनी घ्यायचे असतात, म्हणून मी त्याला घेऊन आलो होतो. आमची लेक गेली त्याला दोन वर्षं झाली. रविवारी त्याचं लग्न होतं ते दुसऱ्या कुणाच्या मुलीशी. पण रीत म्हणजे रीत.

"बाबा, राहू द्या ना," तो म्हणाला. "आहेत माझे जुने."

"ते पहिल्या लग्नातले. गप्प बस."

विक्रेत्यानं दोन पट्ट्यांचे, दोन बकलांचे चॉकलेटी बूट पुढे ठेवले. "मुलगा वाटतं, काका?"

"जावई."

"मग आधी ताईंना फोटो पाठवा. पसंती त्यांचीच लागते."

जावयाचा हात बकलावरच थांबला.

"ती आहे तिथं रेंज नसते," मी म्हटलं.

तो खाली वाकला आणि कितीतरी वेळ तेच बकल लावत राहिला. बूट घट्ट होतायत असं वाटून विक्रेता मोठा नंबर आणायला उठला.

"नंबर बरोबर आहे," मी म्हटलं. "तेवढे मोजे दाखवा. सुतीच द्या, त्याच्या पायाला फार घाम येतो."