गादीवाफा

हिरूनं खांद्यावरचा तंबू अंगणात टाकला आणि भाजीच्या वाफ्यांकडे बोट दाखवलं.

"हे काढावे लागतील."

त्याची बायको शुक्री वांग्यांना पाणी घालत होती. तिनं मान वर केली नाही. "तुझा तंबू उचल. वाफे नाय निघणार."

"भिंतीपासून लांब, झाडापासून लांब लावा, असा तंबू वाटणाऱ्यांनी सांगितलाय. आपल्याकडं तशी जागा हीच."

खरं होतं. एका बाजूला तडा गेलेली घराची भिंत, दुसऱ्या बाजूला ताडाची झाडं. मधला दिवसभर ऊन असणारा तुकडा शुक्रीनं बळकावला होता. अंगणात नुसता मुरूम, म्हणून तिनं ओढ्याकाठची माती डोक्यावरून आणली होती आणि फुटक्या कौलांच्या कडा लावून हातभर उंचीचे गादीवाफे रचले होते. एकात वांगी, एकात टोमॅटो, एकात मेथी. दिवाळी झाल्यापासून तलासरी-डहाणूची जमीन भूकंपानं अधूनमधून हलत होती, पाड्यापाड्यांवर माणसं बाहेर झोपत होती. शुक्रीच्या वाफ्याचं एक कौल सरकलं नव्हतं.

"भाजी मोठी का माणूस?" हिरूनं विचारलं.

"कुठला माणूस, त्यावर आहे."

दारात बसलेली हिरूची म्हातारी आई, सुकी, मध्येच म्हणाली, "माझ्यापायी नका भांडू. मी नाय येणार बाहेर. मुरूम टोचतो. घर पडला तर पडू दे, खाटेवर तरी मरेन."

हिरूनं कुदळ उचलली. शुक्री मेथीच्या वाफ्यापुढे आडवी उभी राहिली.

तेवढ्यात जमीन गुरगुरली. कौलं खडखडली, आत भांडी पडली. शेजारची सोनीबाई सुनेसकट धावत आली. मोकळी जागा म्हणून तिलाही हीच ठाऊक होती.

"पाय बघून!" शुक्री ओरडली. "मेथीत नको!"

आणि खाली धरणी हलत असताना सोनीबाई, तिची सून आणि कुदळीसकट हिरू, तिघंही दोन वाफ्यांमधल्या वीतभर वाटेवर एकामागे एक, पुढच्याचा खांदा धरून उभे राहिले. एकाचाही पाय चुकला नाही.

चुकला तो सुकीचा. दोन पावलं चालायला भिंत धरणारी म्हातारी उंबऱ्यावरून सुटली ती थेट मेथीत जाऊन बसली.

हलणं थांबलं. सगळे शुक्रीकडे बघत होते.

सुकीनं हातानं माती चाचपली. उन्हानं ती उबदार झाली होती. म्हातारीनं अंग थोडं मागं टाकून पाहिलं. मग सरळ आडवीच झाली.

"हिऱ्या," ती म्हणाली, "इथं लाव तुझा तंबू."

हिरूनं बायकोकडे पाहिलं आणि कुदळ हळूच खाली ठेवली. सासूला तिथून उठवायची छाती शुक्रीचीही नव्हती. ती खाली बसली आणि म्हातारीच्या कडेकडेनं मेथी उपटू लागली.

"आये, कूस बदल. खालची चिरडते."

मेथी निघाली, वाफा राहिला. त्यावर गोधडी, गोधडीवर सुकी आणि सुकीवर तंबू.

सकाळी शुक्री कळशी घेऊन वाफ्यांवरून फिरली. वांगी झाली, टोमॅटो झाले. सवयीनं तिनं तंबूचा पडदा वर केला आणि कळशी कलती केली.

"अगं, इथं नको!" सुकी ओरडली. "मी आता काय उगवायची नाय."

"सांगता येत नाय," शुक्री म्हणाली. तिनं कळशी सरळ केली आणि पडदा गुंडाळून वर बांधला, आत ऊन येईल असा.