साळूबाईचे फोटो

"ह्यो बघा, ह्यो दुसराच हाय," म्हणत कानिफनाथने मोबाईल पुढच्या रांगेत दिला.

फोटो साळूबाईचाच होता. डोक्यावर पदर, पायात लेकीचे पांढरे बूट, समोर टेबलावर वाइनचा ग्लास. मागे द्राक्षांची बाग पार समुद्रापर्यंत उतरलेली. ग्रामसभेत मोबाईल हातोहात फिरला. पुरुषांच्या बाजूला हशा झाला. बायकांच्या बाजूला तो भराभर पुढे सरकला.

सोनईच्या अलीकडच्या या गावातलं दारूचं दुकान काही वर्षांपूर्वी बायकांनी मतदान करून बंद पाडलं होतं. दारोदार फिरून दुकानबंदीच्या आडव्या बाटलीवर शिक्के मारायला लावले ते साळूबाईने. गाळा कानिफनाथचा होता. आज दुकान पुन्हा उघडायचा ठराव त्याने आणला होता, आणि सोबत हे फोटो. साळूबाईची रेश्मा ऑस्ट्रेलियात नर्स आहे. तिने आईला बोलावून घेतलं, गाडीतून समुद्राकाठचा द्राक्षांचा मुलूख दाखवला आणि कौतुकाने सगळं स्टेटसला टाकलं. ते कानिफनाथच्या हाती लागलं.

"आमच्या तोंडचं काढलं आन् ह्या अक्का इमानात बसून प्यायला गेल्या," तो म्हणाला. "एका ठिकानी न्हाई. जागा मोजा. टेबलं बघा, सगळी वायली हायेत."

सरपंच काकासाहेब भला माणूस. त्यांनी वाट काढून दिली. "अक्का, द्राक्षाचा रस आसंल त्यो. तुमी तेवढं म्हना, विषय मिटला."

शेजारी बसलेल्या राहीबाईने साळूबाईचा हात दाबला. राहीबाईचा मुलगा अंगद दारू पिऊन मोटारसायकलवरून पडला, तो उठलाच नाही. दुकान बंद करायला साळूबाईच्या बरोबरीने उन्हातान्हात हिंडलेली ती. व्हय म्हण, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं.

साळूबाई उभी राहिली.

"रस नव्हता. वाइन हुती. मी प्याले."

राहीबाईने हात काढून घेतला.

"कुटं प्याले, का प्याले, त्ये मी ग्रामसभेला सांगनार न्हाई," साळूबाई पुढे म्हणाली. आवाज तिने चढवला नाही. "माज्या तोंडात काय गेलं, ह्याच्यावर ठराव न्हाई. गावात दुकान हवं का, ह्याच्यावर हाय. माजी हरकत हाय. काकासाहेब, हात मोजा."

असं म्हणून तिने स्वतःचा हात वर केला. सगळ्या सभेत तो एकटाच हात. कानिफनाथ हसत होता. बायका एकमेकींकडे बघत होत्या. मग राहीबाईचा हात वर गेला. साळूबाईकडे तिने पाहिलंही नाही. तिच्यामागे एक एक करत बायकांच्या बाजूचे सगळे हात वर गेले, आणि पुरुषांतलेही काही. ठराव पडला. कानिफनाथने कुणाच्या तरी हातातून मोबाईल ओढून घेतला आणि निघून गेला.

पाटाच्या कडेने दोघी घराकडे निघाल्या. राहीबाई निम्म्या वाटेपर्यंत दोन पावलं पुढेच चालली. मग थांबली.

"मी हात वर केला त्यो माज्या अंगदपायी. तुज्यापायी न्हाई. एकदा चाखलीस, मी समजून घीन. पन मानूस इतक्या ठिकानी जाऊन पितंय? आपुन काय केलं त्येची तरी लाज धरायची, साळे."

साळूबाई पाटाच्या कठड्यावर टेकली. रेश्मालाही जे सांगितलं नव्हतं, ते ती राहीबाईला सांगू लागली.

ऑस्ट्रेलियातली ती गाडी म्हणजे चाकावरचं घर. आत पलंग, गॅस, भांडी घासायला मोरी. रेश्मा चालवायची आणि साळूबाई काचेतून समुद्र बघायची. रात्री त्याच गाडीत पिठलं व्हायचं. पहिल्या वाइनरीत, म्हणजे वाइन बनवून चाखायला देतात तिथे, रेश्मा म्हणाली, आई, एवढ्या लांब आलीस, घोटभर बघ. साळूबाईने बघितली. आंबट, तुरट. तरी ग्लास संपवला, कारण ज्या चवीने तिचं घर खाल्लं ती कशी असते, ते तिला एकदा बघायचं होतं. मग काउंटरमागचा पांढऱ्या दाढीचा गोरा दुसरी बाटली घेऊन आला. साळूबाईने ग्लासावर हात ठेवला आणि मराठीतच म्हणाली, नको.

त्याने बाटली तिथल्या तिथे उभी केली. मान हलवली आणि पाण्याचा पेला पुढे ठेवला.

लग्न झाल्यापासून साळूबाई नवऱ्याला, मच्छिंद्रला, नको म्हणत आली होती. उंबऱ्यात, ताटावर, शेवटी दवाखान्यातसुद्धा. बाटली कधी थांबली नव्हती. त्या दिवशी वाइनरीतून ती गाडीत जाऊन खूप रडली. आईला चढली, असं वाटून रेश्मा हसली. डोळे पुसून साळूबाईने तिला पुढच्या वाइनरीला गाडी घ्यायला सांगितलं. मग त्याच्या पुढच्या. रस्त्यात येईल तिथे.

"म्हंजी लईच गोडी लागली," राहीबाई कडवटपणे म्हणाली.

"प्याले ती पैल्याच ठिकानी," साळूबाई म्हणाली. "बाकी समद्या ठिकानी मी निस्तं नको म्हनायला गेल्ते."