लाखेचं सील

माजलगावच्या धरणावर टँकर भरला की सोसायटीच्या संचालक बायनाबाई खालच्या तोटीवर आणि झाकणाच्या कुलपावर स्वतः लाखेचं सील लावायच्या. दुष्काळी गावात सील शाबूत पोचायचं, पाणी मात्र निम्मंच. ‘बायनाबाईच अर्धा टँकर भरतेत,’ अशी आवई उठली. शेवटी त्यांनी विद्यापीठातल्या संशोधक मुलीला बोलावलं. संगणकापासून तिजोरीपर्यंत कशाचीही कच्ची जागा हुडकणं हाच तिचा अभ्यास. टँकरवर चढून तिनं सीलकडं पाहिलंसुद्धा नाही. मागच्या बिजागरीची खीळ पकडीनं उपसली आणि झाकण उलट्या बाजूनं अलगद उचललं. कुलूप बंद, सील शाबूत. पाण्याला आलेल्या बाया घागरी विसरून बघत राहिल्या. “आगं माय,” बायनाबाई पुटपुटल्या, “आमी निस्तं सीलच बघत बसलो.” “चोर तुमची नजर बघत होता, मावशी.” बायनाबाईंचे हात जोडले गेले. नजर सोसायटीच्या धान्यगोदामाकडं वळली. दारावर त्यांचंच सील होतं. बिजागऱ्या बाहेरून होत्या.